रुजू : चिंचवड-चाकण पट्ट्यातील हिशेबसाधनांचा इतिहास

हिशेब लिहिणे आणि हिशेब रुजू होणे ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीस एक मनुष्य पुरतो. दुसरीस निदान दोन लागतात, आणि त्या दोघांस एका शब्दाचा एकच अर्थ कळावा लागतो. जुन्या मराठी दप्तरांत अधिकारी कागद तपासून पाहिल्यावर त्यावर ‘रुजू’ असा शेरा करीत असे. अरबीत ‘परत वळणे’ असा मूळ अर्थ असलेला हा शब्द फारसी कारकुनीतून मराठीत आला आणि ‘मुळाशी ताडून पाहिलेले’ ह्या अर्थाने स्थिर झाला. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण हा पट्टा आज मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. गेल्या सुमारे तीनशे वर्षांत तेथील हिशेबाची साधने वारंवार बदलली. बोरूच्या जागी टाक आला, टाकानंतर टंकलेखनयंत्र, आणि वहीच्या जागी संगणकावरील तक्ता. प्रत्येक नव्या साधनाने व्यवहारातील एखादी अडचण खरोखर दूर केली. रुजुवातीचा प्रश्न मात्र सुटला नाही. तो एका हातातून दुसऱ्या हातात गेला. हे हस्तांतर कसे होत गेले, ते पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

१

कारखान्यांच्या पूर्वी चिंचवड हे देवस्थानचे गाव होते. मोरया गोसावींच्या वंशातील देव घराण्याकडे अनेक गावांची इनामे होती, आणि एकामागून एक आलेल्या सत्तांकडून त्यांस मान्यता मिळवीत राहणे हे त्या घराण्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम होते. लॉरेन्स प्रेस्टन ह्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्याच घराण्याच्या व राज्यसत्तेच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला आहे. इनाम जमिनीचे असले तरी ते टिके कागदावर. सनद, ताकीदपत्र आणि वर्षावर्षाचा जमाखर्च ह्यांच्या आधारावाचून हक्क सिद्ध करता येत नसे.

ह्या जमाखर्चाची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवसाचा प्रत्येक व्यवहार प्रथम रोजकिर्दीत, घडला त्या क्रमाने लिहिला जाई. मग तोच व्यवहार खतावणीत, ज्याच्या नावाचा किंवा ज्या बाबीचा असेल तिच्या खाती चढे. खात्यांचा गोषवारा म्हणजे तेरीज, आणि वर्षाअखेर जमा, खर्च व शिल्लक ह्यांची मांडणी म्हणजे ताळेबंद. एकच माहिती दोनदा लिहावयाची, एकदा काळाच्या क्रमाने व एकदा बाबींच्या क्रमाने, ह्यात वरवर पाहता श्रमाचा अपव्यय दिसतो. वस्तुतः तीच रुजुवातीची सोय होती. दोन्ही बेरजा जुळल्या नाहीत तर चूक कोठे तरी झाली आहे, एवढे तरी निश्चित कळत असे.

पेशव्यांच्या हुजूर दप्तरात हीच रीत राज्याच्या प्रमाणावर चाले. पुण्यात ‘एकबेरीज’ नावाचे एक दप्तर होते. चालू कामातून निघालेले निरनिराळ्या खात्यांचे कागद तेथे येत, तारीखवार लावले जात, आणि त्यांतून जमा, खर्च व शिल्लक ह्यांचे गोषवारे तयार होत. नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था चोख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिची उपेक्षा झाली. ‘एकबेरीज’ हे नावच मोठे अन्वर्थक आहे. विखुरलेल्या खात्यांची एकत्र बेरीज एकाच जागी उपलब्ध व्हावी, ही इच्छा आधुनिक व्यवसायाचीच आहे असे नाही. स्वतः ‘फडणीस’ हा शब्दही एका मतानुसार ‘फर्दनवीस’ ह्या शब्दाचे रूपांतर होय. ‘फर्द’ म्हणजे कागदाचा ताव अथवा यादी. इंग्रजीत संगणकीय तक्त्यास जे ‘स्प्रेडशीट’ हे नाव आहे, त्याच्याही मुळाशी हिशेबनिसासमोर पसरलेला असाच मोठा ताव आहे.

शिवकाळात रघुनाथपंडितांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तथापि रोजकीर्द, जमा, खर्च, तेरीज, रुजू हे शब्द कारकुनाच्या हातून गेले नाहीत. ह्याचे कारण भाषाभिमानाच्या अभावात शोधण्याचे प्रयोजन नाही. हिशेबाचा शब्द बदलावयाचा तर तो वापरणाऱ्या सर्वांनी एकाच दिवशी बदलला पाहिजे. अन्यथा खाते जुळत नाही. ह्यामुळेच हिशेबाची परिभाषा सामान्य भाषेपेक्षा सावकाश बदलते, आणि बदलते तेव्हा साधनाबरोबरच बदलते.

२

ह्या सुव्यवस्थित पद्धतीस एक मोठी मर्यादा होती. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती, आणि ते मोडी लिपीत. भराभर लिहिण्यास सोयीची असलेली ही लिपी ज्यास वाचता येत नसे, त्यास स्वतःच्या शेताचा हिशेब दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागे. हिशेब होता, तो लिहिलेला होता, परंतु ज्याचा होता त्याच्यापुरता तो रुजू नव्हता. १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथात जोतीराव फुले ह्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची जी कारणे मांडली, त्यांत निरक्षर शेतकरी आणि लेखणी बाळगणारा कामदार ह्यांच्यातील ह्या विषमतेस महत्त्वाचे स्थान आहे.

इंग्रजी अमलात तपासणीचा अधिकार आणखी वर सरकला. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनामांची चौकशी झाली, तेव्हा इनामदारांस आपले कागद सरकारी अधिकाऱ्यांपुढे ठेवावे लागले. जे घराणे आपल्या कुळांच्या दृष्टीने हिशेबाचे धनी होते, तेच आता दुसऱ्याच्या कसोटीवर हिशेब देणारे बनले. पुढे १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली व दप्तर पगारी तलाठ्याकडे आले. मोडीचा व्यवहारातील वापर विसाव्या शतकाच्या मध्यास संपत आला आणि तिच्या जागी बाळबोध लिपी आली. लिपी सोपी झाली हा लाभ लहान नव्हता. मात्र त्याच सुमारास ह्या परिसरात एक नवेच दप्तर उभे राहत होते, आणि त्याची भाषा इंग्रजी होती.

३

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधकारखाना स्थापन झाला. १९६१ च्या कायद्यान्वये १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी ह्या गावांच्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. आकुर्डीस बजाज ऑटोचा स्कूटरींचा कारखाना आला. १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, पुण्याच्या कारखान्याचा आरंभ केला. ह्या गावांची १९७० साली एकत्र नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मोठ्या कारखान्यांस सुटे भाग पुरविणारी शेकडो लहान वर्कशॉपे ह्याच काळात भोसरी-चिंचवड भागात वाढली.

कारखान्याचे दप्तर गावच्या दप्तराहून निराळे होते. प्रत्येक कामाबरोबर फिरणारे जॉब कार्ड, भांडारातील प्रत्येक कप्प्यास लटकावलेले बिन कार्ड, फाटकावरील गेट पास, मालाबरोबर जाणारे चलन आणि कामगारांचे मस्टर ही त्याची अंगे. भांडारातही नोंद दोनदा होई: एकदा कप्प्यावरील कार्डावर, एकदा कार्यालयातील खातेवहीत. वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजदाद करून दोन्ही ताडून पाहत. रोजकीर्द आणि खतावणी ह्यांचे नाते येथे नव्या वेषात दिसते.

शब्दांच्या दृष्टीने हे दप्तर विलक्षण संमिश्र होते. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज मुळाचा, ‘हजेरी’ अरबी मुळाचा, ‘मस्टर’ इंग्रजी, तर ‘पाळी’ आणि ‘खाडा’ हे मराठीच्या नित्य वापरातले. पहिल्या पाळीतील कामगाराच्या मस्टरावर खाडा पडला आणि त्याचा पगार कापला गेला, ह्या साध्या वाक्यात दोन-तीन भाषांचा इतिहास साठलेला आहे. परंतु ते वाक्य न समजणारा कामगार सापडणे कठीण. शब्द कोणत्या भाषेतून आला ह्यावर त्याची सुबोधता अवलंबून नसते, तो किती हातांतून गेला ह्यावर असते.

ह्याच परंपरेत पुढे जपानी ‘कानबान’ची भर पडली. मूळ जपानीत ह्या शब्दाचा अर्थ दुकानावरील पाटी. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो ह्यांनी ती कल्पना कारखान्यात आणली: पुढच्या टप्प्यावरील कामगाराने भाग उचलला की त्यासोबतचे कार्ड मागच्या टप्प्याकडे परत जाते, आणि ते आल्यावाचून नवा भाग बनवावयाचा नाही. ज्यास ते कार्ड दिसते त्यास साऱ्या उत्पादनाची स्थिती तेवढ्यापुरती कळते. रुजुवात करणारा आणि काम करणारा हे येथे एकच असतात, आणि ह्या साध्या कार्डाचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

४

१९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन ह्यांनी ‘व्हिजिकॅल्क’ ही आज्ञावली तयार केली. व्यवसायव्यवस्थापनाच्या वर्गात फळ्यावर मोठा तक्ता मांडीत असता एक आकडा बदलला की पुढचे सर्व आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, ही अडचण ब्रिकलिन ह्यांच्या मनात होती. संगणकावरील तक्त्यात एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलू लागले. १९८३ साली ‘लोटस १-२-३’ आणि १९८५ साली ‘एक्सेल’ ही त्याच कुळातील साधने आली. वर्कशॉपच्या धन्यास आजवर जे गणित करणे परवडत नव्हते, तेही आता शक्य झाले: पोलादाचा भाव किलोमागे दोन रुपयांनी वाढला तर प्रत्येक भागाची किंमत किती वाढेल, अथवा एक यंत्र चार दिवस बंद राहिले तर कोणती मागणी अडेल.

तथापि ह्या साधनाने हिशेबाचे एक जुने लक्षण पालटले. खतावणीत आकडे आणि त्यांची बेरीज ही दोन्ही डोळ्यांसमोर असत; वाचणारा ती स्वतः करून पाहू शके. तक्त्याच्या घरात आकडा दिसतो, तो ज्या सूत्राने आला ते सूत्र मात्र मागे दडलेले असते. सूत्र एका घराने चुकले तरी आकडा पूर्वीइतकाच नीटनेटका दिसतो. हाताच्या चुकीचे चिन्ह खाडाखोडीत दिसे. येथे तसे चिन्ह उरत नाही.

लहान व्यवसायांत १९८६ पासूनच्या वाटचालीत ‘टॅली’ ही बंगळूरची आज्ञावली देशभर पसरली. तिच्या नावाचे आणि मराठी ‘ताळा’ ह्या शब्दाचे ध्वनिसाम्य लक्ष वेधून घेते; परंतु उच्चारसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविता येत नाही. इंग्रजी शब्द लॅटिनमधील ‘काठी’ ह्या अर्थाच्या शब्दावरून आला. देणेघेणे लाकडी काठीवर खाचा पाडून नोंदवावयाचे, मग काठी उभी चिरून एक भाग देणेकऱ्याने व दुसरा घेणेकऱ्याने ठेवावयाचा, अशी रीत इंग्लंडच्या खजिन्यात शतकानुशतके होती. अशा जुन्या काठ्या जाळीत असताना १८३४ साली लंडनच्या पार्लमेंटगृहास आग लागली. साधन ओबडधोबड होते, पण दोन्ही भाग जुळले की हिशेब रुजू, आणि त्यासाठी लिहिता-वाचता येण्याचीही गरज नव्हती.

मराठी अक्षरे संगणकावर आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व भारतीय लिप्यांचे तंत्र तेथे विकसित झाले; १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सांकेतिक प्रमाणपद्धती निश्चित झाली; पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ छापखान्यांत व कार्यालयांत रुळली. परंतु बराच काळ निरनिराळ्या अक्षरसंचांचे संकेत निरनिराळे असल्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर अर्थहीन चिन्हांच्या रूपात उमटे. अशा स्थितीत ज्या व्यवसायास आपला तक्ता दुसऱ्यास पाठवावयाचा होता त्याने इंग्रजीचा आश्रय घेतला, ह्यात नवल नाही. युनिकोडच्या प्रसाराने ही अडचण पुढे दूर झाली, पण तोवर सवय पडून गेली होती.

५

चाकण हे गाव १६६० च्या वेढ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी लढविलेल्या संग्रामदुर्गासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाई. १९९९ साली तेथे बजाज ऑटोच्या नव्या कारखान्यात उत्पादन सुरू झाले. २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ ह्यांचे आणि त्यापाठोपाठ महिंद्रांचे कारखाने आले. ह्या कारखान्यांत साठा कमीत कमी ठेवावयाचा, आणि भाग ठरल्या वेळी ठरल्या संख्येत यावा, अशी रीत असते. त्यामुळे पुरवठादाराच्या संगणकाने मोठ्या कारखान्याच्या संगणकाशी बोलणे अपरिहार्य झाले. भांडार, खरेदी, उत्पादन, पगार व हिशेब ह्या सर्वांस एका आज्ञावलीत बांधणारी जी पद्धती १९९० च्या दशकात जगभर रूढ झाली, ती म्हणजे आधुनिक एकबेरीजच होय.

येथे नावाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. एकच लोखंडी भाग कोणी ‘ब्रॅकेट’ म्हणेल, कोणी ‘पट्टी’. यंत्रास हे चालत नाही, म्हणून भागास क्रमांक दिला जातो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर बिलावर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणावर आधारलेला संकेतांक लिहिणे आले. मोटारींच्या सुट्या भागांचा शीर्षांक ८७०८, तर मोटारसायकलींच्या भागांचा ८७१४. सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्या, एक ट्रकसाठी बनलेली व एक मोटारसायकलसाठी, एकाच यंत्रावरून उतरल्या तरी कागदावर दोन वेगळ्या वस्तू ठरू शकतात.

क्रमांकाने संदिग्धता संपते असे मानले जाते. ते पूर्णतः खरे नाही. तक्त्याच्या आज्ञावलीस विशेष सूचना दिली नाही तर ‘००४५८’ हा भागक्रमांक ती ‘४५८’ असा करते, कारण तिच्या लेखी तो नाव नसून संख्या आहे. ‘३-५’ हा आराखड्याच्या आवृत्तीचा क्रमांक ती दिनांक समजते: भारतीय मांडणीत ३ मे, अमेरिकन मांडणीत ५ मार्च. ही केवळ लहान व्यवसायाची अडचण नव्हे. ‘मार्च-१’ सारख्या मानवी जनुकांच्या नावांचे असेच दिनांक होत असल्याने जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने अशी नावेच बदलली. तिची नवी मार्गदर्शक तत्त्वे २०२० साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या धर्तीच्या तक्त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसल्यामुळे कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. यंत्राने चूक केली नाही. त्याने आपल्या नियमाप्रमाणे वाचन केले. दोन वाचकांचे नियम वेगळे होते आणि मध्ये रुजू करणारा कोणी नव्हता.

भोसरी किंवा चाकणच्या लहान वर्कशॉपला अशा चुकीची किंमत रोख पैशात मोजावी लागते. खरेदीचा आदेश, माल पोहोचल्याची नोंद आणि बिल ही तिन्ही जुळली तरच मोठ्या कारखान्याची आज्ञावली रक्कम मोकळी करते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादारास संरक्षण दिले आहे. लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे देणे लांबविता येत नाही, आणि विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकराच्या कायद्यातही ह्या मुदतीस बळ दिले. परंतु ४५ दिवस मोजावयाचे कोठून? माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तो स्वीकारला असे कायदा धरतो. म्हणजे सारा भार पडतो तो ‘माल मिळाला’ ह्या एका नोंदीच्या दिनांकावर, आणि ती नोंद असते घेणाऱ्याच्या संगणकात. पुरवठादाराकडे शिक्का मारलेले चलन असेल तर ताडून पाहण्यास काही आधार आहे. नसेल तर त्याची स्थिती मोडी न वाचता येणाऱ्या कुळाहून फार निराळी नाही.

ह्या बाबतीत शासकीय यंत्रणेने एक उलट दिशेचे पाऊल टाकले आहे. इलेक्ट्रॉनिक बिलाची सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपलीकडील व्यवसायांपर्यंत उतरली. प्रत्येक बिलास शासकीय प्रणालीतून ६४ अक्षरांचा एक ओळखक्रमांक मिळतो. बिल कधी नोंदले गेले हे आता घेणारा एकटा सांगू शकत नाही. चिरलेल्या काठीचा दुसरा भाग एका अर्थाने पुरवठादाराच्या हाती परत आला आहे. मात्र माल केव्हा पोहोचला व केव्हा स्वीकारला, ह्या प्रश्नास हा क्रमांक उत्तर देत नाही.

६

अलीकडे चलनाचे छायाचित्र वाचून त्यातील आकडे स्वतःच तक्त्यात भरणाऱ्या आज्ञावल्या आल्या आहेत. मोडी लिपीसही २०१४ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, आणि भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा केंद्र शासनाचा उपक्रम २०२२ पासून सुरू आहे. लिहिण्याचे श्रम उत्तरोत्तर नाहीसे होतील असे ह्यावरून दिसते. परंतु ज्या दुहेरी लेखनास आज अपव्यय म्हटले जाते, त्याच दुहेरीपणात तपासणीची संधी होती. एकच नोंद एकाच जागी, ही नव्या पद्धतीची प्रतिज्ञा आहे. मग ती ताडून पाहावयाची कशाशी, ह्याचे उत्तर साधन देत नाही, ते वापरणाऱ्यांनी ठरवावयाचे असते.

वर पाहिलेल्या इतिहासातून ह्याचे काही दिग्दर्शन होते. रोजकीर्द व खतावणी वेगळ्या ठेवणारा कारकून, कप्प्यावर कार्ड लटकावणारा भांडारपाल आणि कानबानचे कार्ड परत पाठविणारा कामगार ह्या तिघांच्या रीतींत एक गोष्ट समान आहे: नोंद ज्याच्या कामाशी संबंधित, त्यास ती दिसत होती आणि वाचता येत होती. जेथे ही अट मोडली, तेथे हिशेब कितीही सुंदर असला तरी एका पक्षाचाच राहिला. संगणकीय तक्ता मराठीत असावा की इंग्रजीत, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. ‘पगार’ परभाषेतून येऊनही कामगाराचा झाला, तसा ‘इन्व्हॉइस’ही होऊ शकेल. वर्कशॉपच्या धन्याने व त्याच्या हाताखालच्या मुलाने सूत्र उघडून पाहावे, भागक्रमांकाचे घर आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवावे, आणि चलनावर घेणाऱ्याची सही व दिनांक आल्याखेरीज गाडी परत फिरवू नये, ह्या गोष्टी लहान दिसतात. दप्तराच्या जुन्या भाषेत ह्यांसच रुजू करणे म्हणत.